बुडालेल्या देशाची जबाबदारी निश्चिती

१४ नोव्हेंबर २०२३ रोजी कोलंबोच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल मी अजूनही अधूनमधून उघडून वाचतो. श्रीलंकेचे माजी राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे, त्यांचे थोरले बंधू आणि माजी पंतप्रधान महिंदा, धाकटे बंधू आणि माजी अर्थमंत्री बासिल, मध्यवर्ती बँकेचे दोन माजी गव्हर्नर आणि काही वरिष्ठ सचिव यांनी देशावर अर्थसंकट ओढवण्यास हातभार लावला आणि लोकांनी त्यांच्यावर टाकलेल्या विश्वासाचा भंग केला, असे पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने त्या दिवशी जाहीर केले. अर्थव्यवस्था कोसळली म्हणून लोकांनी राज्यकर्त्यांना मतपेटीतून घरी बसवल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. संतापलेल्या जमावाने त्यांचे प्रासाद ताब्यात घेतल्याचीही आहेत, आणि श्रीलंकेत तर तेही घडून गेले होते. पण माणसांची नावे घेऊन, त्यांचा एकेक निर्णय तारखेसकट समोर ठेवून, हा तोटा तुमच्यामुळे झाला असे न्यायासनाने सांगावे, हे जगात फार क्वचित झाले आहे.

माझी नोकरी सहकार खात्यात, लेखापरीक्षणाची. त्यामुळे या निकालाकडे मी अर्थशास्त्राच्या वाटेने गेलोच नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधली ८३ आणि ८८ ही दोन कलमे आमच्याकडे तालुक्याच्या गावच्या ठेवीदारालाही तोंडपाठ असतात. पतसंस्था किंवा बँक बुडाली की आधी कलम ८३ खाली चौकशी होते आणि मग ८८ खाली जबाबदारी निश्चित केली जाते, म्हणजे कोणत्या संचालकाच्या कोणत्या कृतीमुळे संस्थेचे किती नुकसान झाले ते ठरवून तेवढी रक्कम त्याच्याकडून वसूल करण्याचा आदेश निघतो. प्रत्यक्षात त्यातले किती वसूल होते हा प्रश्न आमच्या खात्यातल्या माणसाला विचारू नये. पण पद्धत मात्र निर्दोष आहे. इतिवृत्ताचे पुस्तक उघडायचे, ठराव शोधायचा, सूचक कोण आणि अनुमोदक कोण ते पाहायचे, सभेला हजर कोण होते, कोणी विरोध नोंदवला का, आणि त्या तारखेच्या आधी लेखापरीक्षकाचा शेरा येऊन पडला होता का, हे तपासायचे. संचालकांची उत्तरेही ठरलेली असतात. दुष्काळ पडला, नोटाबंदी झाली, कर्जदारांचे धंदे बसले, सगळ्याच संस्था अडचणीत होत्या. यातले काहीच खोटे नसते. चौकशी अधिकाऱ्याचे काम ही खरी कारणे वजा केल्यावर मागे काय उरते ते शोधण्याचे असते.

श्रीलंकेत वजा करण्यासारखे पुष्कळ होते. २१ एप्रिल २०१९ रोजी ईस्टरच्या दिवशी चर्च आणि हॉटेलांमध्ये झालेल्या बॉम्बस्फोटांत अडीचशेहून अधिक माणसे गेली आणि आदल्या वर्षी सुमारे ४४० कोटी डॉलर मिळवून देणारा पर्यटनाचा धंदा एका दिवसात आडवा झाला. तो सावरतो न सावरतो तोच करोना आला, परदेशी काम करणाऱ्यांकडून घरी येणारा पैसा आटला, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध सुरू होऊन तेल आणि गहू दोन्ही महागले. एवढे आघात कोणत्याही लहान देशाला जड गेले असते. राजपक्षे मंडळींचे म्हणणे हेच होते, आणि ते ऐकून न घेणारा माणूस न्यायबुद्धीचा म्हणता येणार नाही.

हे सगळे वजा करून उरतो तो १ डिसेंबर २०१९ हा दिवस, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्या दिवशी करोनाचे नावही जगाला ठाऊक नव्हते. गोटाबाया १६ नोव्हेंबरची निवडणूक ५२.२५ टक्के मते घेऊन जिंकले होते आणि १८ तारखेला अनुराधपूरच्या रुवनवेलिसाय स्तूपाच्या आवारात त्यांनी शपथ घेतली होती. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत व्हॅटचा दर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आला. राष्ट्रबांधणी कर या नावाचा आणखी एक कर रद्द झाला. वर्षाला १ कोटी २० लाख श्रीलंकन रुपयांची उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला व्हॅटची नोंदणी करावी लागे, ती मर्यादा एकदम ३० कोटींवर नेली गेली. पाठोपाठ नोकरदारांच्या पगारातून परस्पर कापला जाणारा प्राप्तिकर बंद झाला आणि कंपन्यांवरचा करही उतरला. २०१९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या साडेअकरा टक्क्यांच्या आसपास असलेला कर महसूल २०२० मध्ये जेमतेम आठ टक्क्यांवर आला. या घसरणीत करोनाचाही वाटा आहे. पण दर कमी झाले, करदात्यांच्या यादीतली लाखो नावे गळाली, आणि हे दोन्ही करोनाने केले नाही. नोंदणीची मर्यादा उठवणे हे दर कमी करण्यापेक्षाही वाईट, असे मी माझ्या धंद्याच्या अनुभवावरून म्हणेन, कारण दर एका रात्रीत पुन्हा चढवता येतो, पण वहीतून निसटलेला करदाता पुन्हा वहीत आणायला वर्षे लागतात.

आता लेखापरीक्षकाचा शेरा आधी आला होता का? आला होता. निवडणुकीच्या प्रचारात हे करकपातीचे वचन दिले गेले तेव्हा त्या वेळचे अर्थमंत्री मंगला समरवीरा यांनी उघडपणे सांगितले होते की हे अमलात आले तर देश दिवाळखोर होईल, त्याचा व्हेनेझुएला किंवा ग्रीस होईल. ते राजकीय प्रतिस्पर्धी होते, म्हणून त्यांचे बोलणे प्रचार समजून सोडून देता आले असते. पण २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय पतमानांकन संस्थांनी एकामागून एक देशाची पत उतरवली आणि रोखे विकून नवे कर्ज उभारण्याचा रस्ता श्रीलंकेला बंद झाला, तो शेरा कोणाच्या प्रचाराचा नव्हता. समरवीरा ऑगस्ट २०२१ मध्ये करोनाने गेले. आपले भाकीत किती तंतोतंत उतरले ते पाहायला ते राहिले नाहीत.

जुनी कर्जे फेडायला नवी कर्जे काढण्याची सवय लागलेल्या देशाचे नवे कर्जच थांबले, तर त्याने काय करावे? अशा वेळी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जावे लागते, कर्ज देणाऱ्यांशी बसून हप्ते पुढे ढकलून घ्यावे लागतात, आणि हे जितके लवकर करावे तितके कमी दुखते. हे गुपित नव्हते. श्रीलंका त्याआधी अनेकदा नाणेनिधीच्या दारी जाऊन आलेली होती. तरीही २०२० आणि २०२१ ही दोन्ही वर्षे 'आमचा देशी तोडगा आहे' या पालुपदावर काढली गेली. सप्टेंबर २०२१ मध्ये गव्हर्नरपदी आलेले अजित निवार्ड कॅब्राल यांनी डॉलरचा भाव २०० ते २०३ रुपयांच्या मध्ये दाबून धरला. अधिकृत भाव आणि बाजारातला भाव यांच्यात फट पडली की परदेशातला कामगार बँकेतून पैसे पाठवायचे सोडून हुंडीवाल्याकडे जातो, हे रत्नागिरीतून आखातात गेलेल्या कोणत्याही माणसाला विचारले तरी तो सांगेल. तसेच झाले, आणि देशाला डॉलरची सर्वाधिक गरज असताना डॉलर बँकांच्या बाहेरून वाहू लागले.

मग १८ जानेवारी २०२२ रोजी ५० कोटी डॉलरच्या रोख्यांची मुदत संपली आणि ती रक्कम सरकारने पूर्णपणे चुकती केली. वरवर पाहता ही सचोटीची गोष्ट आहे. घेतलेले कर्ज वेळेवर फेडले, यात गुन्हा कसला? पण २०१९ अखेर सुमारे ७६० कोटी डॉलर असलेली परकीय चलनाची गंगाजळी तोवर ३१० कोटींवर आली होती, आणि त्यातही दीडशे कोटींच्या आसपास रक्कम चीनबरोबरच्या चलन अदलाबदलीची होती, जी हवी तेव्हा वापरता येत नव्हती. बाजारात हे रोखे दर्शनी किमतीपेक्षा बरेच स्वस्तात विकले जात होते, म्हणजे देश फेडू शकणार नाही हे गुंतवणूकदारांनी गृहीतच धरले होते. औषधे, इंधन आणि स्वयंपाकाचा गॅस यांसाठी डॉलर शिल्लक नाहीत हे दिसत असताना जवळची रोकड रोखेधारकांच्या हाती दिली गेली. बुडत्या पतसंस्थेचे दार बंद होण्याच्या आदल्या आठवड्यात मोठ्या ठेवीदारांच्या ठेवी मुदतीबरहुकूम परत केल्याचे ठराव मी पाहिलेले आहेत. प्रत्येक ठराव नियमात बसणारा असतो. दार बंद झाल्यावर बाहेर रांगेत उभ्या असलेल्यांना तो नियम कसा समजावून सांगायचा, ते मात्र ठरावात लिहिलेले नसते.

रासायनिक खतांच्या बंदीबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी थोडक्यातच सांगतो. दहा वर्षांत सेंद्रिय शेतीकडे वळू असे वचन होते. मे २०२१ मध्ये आयात एका फटक्यात थांबवली गेली. भाताचे आणि चहाचे उत्पादन घसरले. नोव्हेंबरात बंदी मागे घ्यावी लागली आणि स्वतःचा तांदूळ पिकवणाऱ्या देशाने तांदूळ आयात केला. खतावरचे डॉलर वाचवण्याची घाई त्यामागे होती असे अनेकांना वाटते, आणि मलाही तसेच वाटते.

पुढचे सगळ्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. ७ मार्च २०२२ रोजी रुपयाचा भाव बाजारावर सोडून दिला गेला आणि दोन महिन्यांत डॉलरचा भाव साडेतीनशेच्या पलीकडे गेला. कागद नाही म्हणून पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या. दिवसाला तेरा तेरा तास वीज जाऊ लागली. इंधनाच्या रांगेत उभी असलेली म्हातारी माणसे कोसळून मेली. १२ एप्रिलला परदेशी कर्जाची फेड थांबवत असल्याची घोषणा झाली. ९ मे रोजी महिंदांनी राजीनामा दिला. ९ जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले आणि १३ तारखेला गोटाबाया आधी मालदीवला आणि दुसऱ्या दिवशी तिथून सिंगापूरला गेले, जिथून त्यांनी राजीनामा ईमेलने पाठवला. सप्टेंबरमध्ये कोलंबोतली महागाई सत्तर टक्क्यांना भिडली, खाद्यपदार्थांची पंच्याण्णवला. त्या वर्षात अर्थव्यवस्था सात टक्क्यांहून अधिक आकसली.

इथवर ही एका घराण्याच्या पतनाची गोष्ट आहे आणि तशी ती पुष्कळदा सांगितली गेली आहे. मला त्यापुढचे टिपण करावेसे वाटते. सरकार पडले, लोक घरी गेले, नवे सरकार नाणेनिधीच्या वाटाघाटींत गुंतले, आणि तेवढ्यात भ्रष्टाचाराविरुद्ध काम करणाऱ्या ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलची श्रीलंकेतली शाखा, सिलोन चेंबर ऑफ कॉमर्सचे माजी अध्यक्ष चंद्रा जयरत्ने, नावाजलेले जलतरणपटू ज्युलियन बोलिंग आणि इतर काही जणांनी मूलभूत हक्कांच्या याचिका चालवल्या. त्यांचा आधार होता राज्यघटनेचे १२(१) हे कलम, म्हणजे कायद्यापुढील समानता. सत्ता ही लोकांनी विश्वासाने सोपवलेली ठेव आहे, आणि ठेव सांभाळणाऱ्याने ती मनमानी वापरली तर ज्यांची ठेव होती त्या सर्वांच्या समानतेच्या हक्कालाच धक्का पोहोचतो, असा तो युक्तिवाद. बहुमताने न्यायालयाने तो मान्य केला आणि करकपात, ती मागे घेण्यास नकार, नाणेनिधीकडे जाण्यातला विलंब, दाबून धरलेला रुपया आणि जानेवारीतली ती ५० कोटींची फेड, अशा ठोस निर्णयांवर बोट ठेवले.

धोरणाचा प्रश्न न्यायालयाचा नव्हे, या आक्षेपात तथ्य आहे. उद्या प्रत्येक फसलेल्या अंदाजपत्रकासाठी अर्थमंत्र्याला आरोपीच्या जागी उभे केले तर धाडसाने निर्णय घेणारा कोणी उरणार नाही, आणि बऱ्याचदा धाडसी निर्णयच देशाला वाचवतो. पण कोलंबोच्या निकालात धोरण चुकले हा मुद्दा मुख्य नाही. चुकते आहे हे दिसल्यावर, सांगितले गेल्यावर, आणि बदलण्यास वेळ हाती असताना ते बदलले गेले नाही, हा मुद्दा आहे. चुकीचे कर्ज मंजूर करणाऱ्या संचालकाला मी कधी दोषी धरले नाही. तेच कर्ज थकल्यावर त्याच कर्जदाराला दुसरे कर्ज देऊन पहिले नियमित दाखवणाऱ्याला धरले. धंद्यातली चूक आणि कर्तव्यातली कसूर यांच्यामधली रेघ तिथून जाते, आणि देशाच्या बाबतीत ती दुसरीकडून का जावी, याचे पटेल असे उत्तर मला कोणी दिलेले नाही.

याच रेघेबाबत आइसलँडची गोष्ट फार बोलकी आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये त्या देशाच्या तिन्ही मोठ्या बँका आठवडाभरात कोसळल्या. बँकांचा एकूण पसारा देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या नऊ-दहापट झाला होता. संसदेने चौकशी आयोग नेमला, त्याचा अहवाल एप्रिल २०१० मध्ये आला, आणि त्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस संसदेने ३३ विरुद्ध ३० मतांनी माजी पंतप्रधान गेइर हार्डे यांच्यावर खटला चालवण्याचे ठरवले. त्यांच्याबरोबरच्या तीन मंत्र्यांची नावेही मतदानाला आली होती. ते तिघे सुटले आणि एकटे हार्डे उरले, हे मला तेव्हाही खटकले होते. मंत्र्यांवरील खटल्यांसाठी १९०५ मध्ये कायद्याने निर्माण केलेले आणि तोवर एकदाही न भरलेले लान्ड्सडोमुर नावाचे न्यायालय त्यासाठी भरवावे लागले. २३ एप्रिल २०१२ रोजी निकाल लागला. बँकांचा आकार आवरला नाही यांसारख्या जड आरोपांतून हार्डे निर्दोष सुटले. ज्या एका बाबतीत दोषी ठरले ती बाब अशी की, देशावर एवढे संकट घोंघावत असताना घटनेने सांगितल्याप्रमाणे त्या विषयावर मंत्रिमंडळाची बैठकच त्यांनी घेतली नाही. शिक्षा काही नाही, खर्चही सरकारने सोसला. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१७ मध्ये तो निकाल कायम राहू दिला; हार्डे तोवर वॉशिंग्टनमध्ये आपल्या देशाचे राजदूत होऊन बसलेही होते.

जगभरच्या टीकाकारांनी या निकालाची डोंगर पोखरून उंदीर काढल्यासारखी थट्टा केली. मला त्यात थट्टा करण्यासारखे काही दिसत नाही. बैठक झाली नाही म्हणजे इतिवृत्त नाही, इतिवृत्त नाही म्हणजे कोणी काय माहिती दिली आणि कोणी काय आक्षेप घेतला याची नोंद नाही, आणि नोंद नसली की नंतर सगळेच जण आपल्याला ठाऊक नव्हते असे म्हणायला मोकळे. ज्या संस्थेत सह्यांसाठी इतिवृत्ताचे पुस्तक शिपायाबरोबर घरोघरी फिरते, तिथे पुढे काय निघणार ते आम्हाला पहिले पान उलटतानाच कळते. जबाबदारी नंतर ठरवता यावी यासाठी निर्णय आधी कागदावर घ्यावा लागतो, आणि तो कागदावर घेणे हे राज्यकर्त्याचे पहिले कर्तव्य आहे, हे आइसलँडच्या न्यायमूर्तींनी ओळखले.

आपल्याकडे या परंपरेचा एक चांगला धागा मुंबईतूनच निघालेला आहे. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या अडचणीत आलेल्या कंपन्यांचे सुमारे १ कोटी २४ लाखांचे समभाग घेतले, लोकसभेत फिरोज गांधींनी तो विषय काढला, आणि मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती मो. क. छागला यांच्या एकसदस्य आयोगाने १९५८ च्या आरंभी उघड सुनावणी घेऊन काही आठवड्यांतच अहवाल दिला. व्यवहार माझ्या सचिवाने केला, मला त्याची पूर्ण कल्पना नव्हती, हा अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांचा बचाव छागलांनी मानला नाही. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि फेब्रुवारीत कृष्णम्माचारींनी पद सोडले. रक्कम केवढी होती ते पाहिले की आजच्या वाचकाला हसू येईल.

पण देश अडचणीत आला तेव्हा हाच धागा आपण हातात धरला नाही. १९९१ च्या मे महिन्यात २० टन सोने परदेशात विकले गेले आणि जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने लंडनला गहाणापोटी रवाना झाले, तेव्हा हा प्रसंग का आला याची घटनात्मक चौकशी झाली नाही. ऐंशीच्या दशकातल्या सरकारांनी तूट वाढवली, विश्वनाथ प्रताप सिंहांच्या सरकारने कर्जमाफी दिली, आखाती युद्धाने तेल महागले, चंद्रशेखर यांच्या सरकारला पाठिंब्याअभावी पूर्ण अर्थसंकल्पही मांडता आला नाही. जबाबदारी इतक्या सरकारांत वाटली गेली की ती कोणाच्याच नावे लिहिली गेली नाही. नव्या सरकारने जुलैच्या अर्थसंकल्पात पुढची दिशा बदलली आणि देश सावरला, त्यामुळे मागचे विचारायची कोणाला गरजही वाटली नाही. संकट टळले की चौकशीची निकड संपते.

कोलंबोचा निकालही याच दुखण्यातून पूर्णपणे सुटलेला नाही. त्याची खिडकी २०१९ पासून पुढे उघडते. त्याआधीच्या सरकारने त्याच एका वर्षात परदेशी बाजारातून ४४० कोटी डॉलरचे रोखे काढले होते, आणि त्याहीआधी महिंदांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या काळात कर्ज काढून हंबनतोटाचे बंदर आणि मत्तलचा विमानतळ उभा राहिला होता, ज्या विमानतळावर विमाने उतरायची वाट पाहत वर्षे गेली. आमच्या चौकशांमध्येही आधीचे संचालक मंडळ नेहमी असेच निसटते, कारण बुडण्याचे वर्ष त्यांचे नसते.

आणि मतदारांचे काय, असा प्रश्न मला कोणी ना कोणी हमखास विचारते. ज्यांनी करकपातीला टाळ्या वाजवल्या, ज्यांनी ऑगस्ट २०२० मध्ये राजपक्षेंच्या पक्षाला २२५ पैकी १४५ जागा दिल्या आणि त्या बळावर ऑक्टोबरमध्ये विसावी घटनादुरुस्ती करून राष्ट्राध्यक्षांच्या हाती आणखी अधिकार एकवटू दिले, ते निर्दोष कसे? वार्षिक सर्वसाधारण सभेत न परवडणारा लाभांश मंजूर करणारे सभासदही हात वर करतातच. मी त्यांना दोष देताना कचरतो. सभेपुढे जो ताळेबंद ठेवला जातो तो सभासदाने बनवलेला नसतो, आणि राखीव निधीत किती रक्कम खरी आहे व किती कागदी, हे त्याला सांगणे ज्याचे काम होते त्यानेच ते लपवलेले असते. मतदाराने वचन ऐकून मत दिले. वचन पाळले तर तिजोरीत काय उरेल याची आकडेमोड अर्थखात्याकडे होती. शिवाय त्या मतदारांनी आपला हिशेब नंतर चुकता केला. २०२४ च्या नोव्हेंबरात त्याच पक्षाला तीन जागा उरल्या, आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष झालेले अनुरा कुमार दिसानायके यांच्या आघाडीला १५९ मिळाल्या. ही शिक्षा राजकीय आहे आणि कठोरही आहे, पण तिच्यात कोणता निर्णय चुकला याचा उल्लेख नसतो. नव्या सरकारने उद्या तेच केले तर मागच्या मतपत्रिकेत त्याला रोखणारे काही लिहिलेले नसेल. निकालपत्रात ते लिहिलेले आहे. मला त्याचे मोल एवढ्यासाठीच वाटते.

वसुलीचे बोलायचे तर ती झाली, फक्त ज्यांची नावे निकालात आहेत त्यांच्याकडून झाली नाही. ८ टक्क्यांवर आणलेला व्हॅट २०२२ मध्ये दोनदा चढवून १५ वर नेला गेला आणि १ जानेवारी २०२४ पासून तो १८ टक्के झाला, म्हणजे कपात होण्यापूर्वी होता त्यापेक्षाही वर. २०२३ च्या जुलैमध्ये देशांतर्गत कर्जाची पुनर्रचना झाली, तेव्हा बँका हाताळल्या तर ठेवीदार घाबरतील म्हणून त्यांना वगळले गेले आणि भार खासगी नोकरदारांच्या भविष्य निर्वाह निधीसारख्या निवृत्ती निधींवर आला. या निधींनी आपले जुने सरकारी रोखे देऊन २०२५ पर्यंत १२ आणि त्यानंतर ९ टक्के व्याज देणारे नवे रोखे घ्यावेत, नाहीतर त्यांच्या उत्पन्नावर ३० टक्के कर लागेल, अशी ती योजना होती. कोलंबोच्या कापड कारखान्यात शिलाईयंत्रावर बसणाऱ्या बाईच्या म्हातारपणच्या पुंजीतून जानेवारी २०२२ च्या त्या ५० कोटी डॉलरची भरपाई अशी होते. ती ना त्या बैठकीला हजर होती, ना तिच्यापुढे कोणी ठराव ठेवला होता.

याचिकाकर्त्यांनी स्वतःसाठी नुकसानभरपाई मागितली नव्हती, त्यामुळे न्यायालयाने ती दिलीही नाही. फक्त प्रत्येकाला खटल्याच्या खर्चापोटी दीड लाख श्रीलंकन रुपये मिळावेत असा आदेश झाला. आमच्या खात्यातल्या एका निवृत्त सहकाऱ्याला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे ८८ झाली आणि रकमेचा रकाना कोरा!" रकाना कोराच आहे. तरीही याचिकाकर्त्यांनी शहाणपण केले असे मला वाटते. या तोट्यापुढे काही व्यक्तींच्या मालमत्तेतून निघू शकणारी कोणतीही रक्कम नगण्य ठरली असती, आणि भरपाई राज्याकडून मागितली असती तर ती तिजोरीतून द्यावी लागली असती, ज्या तिजोरीत आता पैसा येतो तो १८ टक्क्यांच्या व्हॅटमधून.